मुळे नसलेल्या रोपांची वई

गुहागर तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित आगराच्या दक्षिणेकडील जांभ्याचा गडगा दोन पावसाळ्यांपूर्वी ढासळला. चिऱ्याची भिंत बांधण्याचा खर्च झेपणारा नव्हता आणि उन्हाळ्यात मोकाट सुटलेली गुरे केळीच्या पिल्लांपासून माडाच्या नव्या रोपांपर्यंत काहीच शिल्लक ठेवत नव्हती. त्यामुळे लवकर वाढणारी, दाट अशी जिवंत वई, म्हणजे झाडाझुडपांचे कुंपण, लावावी असे मी ठरवले. शेजारच्या तात्यांनी उंदीरमारीचे, म्हणजे गिरिपुष्पाचे, दांडे फुकट देऊ केले होते, परंतु मुंबईत पस्तीस वर्षे काढलेल्या माझ्या नजरेला ते फारच गावठी वाटले.

वईसाठी रोपे हवी आहेत, असे मी बाजारात दोन-तीन ठिकाणी बोलून ठेवले होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक गृहस्थ टेम्पो भरून थेट दारात आला. “काका, ही विदेशी मेंदी. सहा महिन्यांत तुमच्या डोक्याएवढी होते, खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाही,” असे म्हणत त्याने मोबाइलवर हिरव्यागार भिंतींचे फोटो दाखवले आणि टेम्पोच्या मागच्या फळीलगतच्या दोन पिशव्या उचलून पांढऱ्या मुळांचे जाळेही दाखवले. दीडशे फूट लांबी, फूटभर अंतराने दोन ओळी, म्हणून तीनशे रोपे. प्रत्येकी ५५ रुपयांप्रमाणे १६,५०० रुपये झाले. त्यांपैकी नऊ हजार मी मोबाइलवरून पाठवले आणि उरलेले रोख दिले. पावती म्हणून मिळाला तो वहीचा फाडलेला कागद, ज्यावर रोपवाटिकेचे नाव होते, पण पत्ता नव्हता.

लावणीच्या दिवशी गड्याने पिशव्या फाडल्या, तेव्हा बऱ्याच रोपांची माती गड्डा न धरता भसकन सुटून पडत होती. त्याने तसे बोलूनही दाखवले. पावसात भिजली असेल, असे सांगून मी त्याला गप्प केले. पुढचे चार आठवडे वई इतकी टवटवीत दिसत होती की मी तात्यांना मुद्दाम बोलावून ती दाखवली. (ते काही बोलले नाहीत, हे मला तेव्हाच खटकायला हवे होते.)

जुलैअखेर चार दिवस उघडीप पडली आणि ओळीच्या ओळी माना टाकू लागल्या. एक रोप हलकेच वर ओढले, तर नुसती काडी हातात आली. खालचे टोक कोयत्याने तिरपे छाटलेले, साल काळपट पडलेली आणि तिच्यावर मुळाचा एक तंतूही नाही. आपल्याकडे पावसाळी हवा इतकी दमट असते की झाडावरून तोडलेली फांदी ओल्या मातीत खोचली, तरी स्वतःत साठलेल्या अन्नावर ती काही आठवडे हिरवी राहते, तिला नवी पालवीसुद्धा फुटते. त्या पालवीवरून खाली मूळ धरले आहे की नाही, हे मुळीच कळत नाही. विक्रेत्याने नेमका हाच हंगाम साधला होता. तीनशेपैकी एकशे ऐंशी काड्याच निघाल्या, आणि मुळे असलेली रोपे बहुतेक फळीजवळच्या थरातली असावीत.

जगलेली रोपे मात्र खरोखरच झपाट्याने वाढली आणि त्यातून दुसरी फसवणूक उघड झाली. गणपतीला आलेल्या, कृषी पदवीधर भाच्याने पाहताक्षणी सांगितले की ही मेंदी नसून कोनोकार्पस आहे. याची मुळे पाण्याच्या शोधात जमिनीखालच्या नळांत शिरतात. ती तक्रार आणि परागकणांचा त्रास ही कारणे देऊन गुजरात सरकारने २०२३ मध्ये याच्या लागवडीवर बंदी घातली. आमची विहीर त्या ओळीपासून जेमतेम वीस फुटांवर आहे. उरलेली एकशे वीस रोपेही मी उपटून टाकली, त्याची मजुरी वेगळी.

विक्रेत्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. मोबाइलवरून पैसे ज्या नावावर गेले, ते रोपवाटिकेचे नव्हते, हे मी देताना वाचलेच नव्हते. ग्राहक साहाय्यवाणीच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवायला बसलो, तेव्हा पक्के बिल आणि पत्ता नसताना तक्रार कोणाविरुद्ध करायची, हाच पहिला प्रश्न उभा राहिला. तेव्हा दारात येणाऱ्या टेम्पोतून रोपे घेणारच असाल, तर विक्रेत्याने पुढे केलेली पिशवी न पाहता मधल्या थरातल्या चार-पाच स्वतः निवडून त्याच्यासमोर फाडाव्यात, झाडाचे नेमके नाव बिलावर लिहून घ्यावे आणि निम्मी रक्कम पावसाची पहिली मोठी उघडीप होईपर्यंत हातची सोडू नये. याला जो तयार होणार नाही, त्याला पाणी पाजून वाटेला लावावे.

या वर्षी मृगाच्या पावसात मनगटाएवढ्या जाडीचे, पुरुषभर उंचीचे उंदीरमारीचे दांडे तात्यांकडून आणून लावले आणि त्यांच्या मधल्या जागेत कोयनेल घातली. तात्यांनी पहिला दांडा जमिनीत ठोकण्याआधी त्याचे छाटलेले टोक माझ्यासमोर धरले आणि म्हणाले, “बघून घ्या, यालाही मुळं नाहीत. फक्त हे आम्ही आधीच सांगतो.”