मराठीत बोलला म्हणून विश्वास ठेवला

परवा नंदगडच्या पाहुण्यांचा फोन आला. “दवाखान्यात आपला एक मराठी माणूस भेटलाय, कार्ड काढून देतो म्हणतोय.” ऐकून पोटात गोळाच आला. म्हणून लिहितोय.

आमची पोरगी जन्मली तेव्हा डाव्या घोट्याच्या वर दोरा करकचून बांधल्यासारखी खोल रेघ होती, खालचं पाऊल पुरीसारखं फुगलेलं. गावानं बायकोलाच धरलं, ग्रहणात विळीवर बसली असणार. डॉक्टर म्हणाले, ग्रहणाचा काही संबंध नाही, हे आईबापाकडूनही येत नाही. पोटात पिशवीच्या आतल्या पडद्याचे धागे गुंडाळून असा वळ पडतो, असं मानतात. त्यांनी अंगठ्याचं नख दाबून सोडलं. गुलाबी रंग परत आला. “रक्त जातंय. पण सूज वाढली, बोटं निळी पडली तर थांबू नका. सर्जनला दाखवा.”

बेळगावात एका दवाखान्याच्या आवारात कानडी फॉर्म हातात घेऊन उभा होतो. “खानापूर काय? मग कशाला घाबरायलाईस, आपलीच माणसं!” असं म्हणत एक अनोळखी एजंट जवळ आला. महाराष्ट्र सरकारनं 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना द्यायचं ठरवलं, हे मी पेपरात वाचलं होतं. त्यानं नेमकं तेच काढलं. फाईलचे साडेतीन हजार, कार्डाचे पाच, सर्जनची तारीख धरायला दहा. वर म्हणाला, लेझरनं एका दिवसात होतं, टाकासुद्धा नाही. एखाद्या सर्जनला हे विचारलं असतं तर तिथंच भांडं फुटलं असतं. पण पोरीचं नाव छापलेलं कार्ड हातात पडलं आणि आम्ही दोघं रडलो.

सात आठवड्यांनी ते कार्ड घेऊन कोल्हापूरच्या दवाखान्यात गेलो. तिथं योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्रानं नंबर दोनदा टाकला, मग कार्डाच्या कडेला नख लावलं. वरचा कागद सुटला. खाली कुठल्याशा दुकानाचं सभासद कार्ड! “नोंदणीला पैसे लागतच नाहीत हो,” तो म्हणाला. एजंटाचा फोन बंद. साडेआठ हजार रोख दिलेले, त्याची पावती नाही. दहा हजार फोनवरून कुणा बाईच्या खात्यात गेले होते, पोलिसांनी तेवढीच नोंद घेतली.

शेवटी बीपीएल रेशन कार्डावर, कर्नाटकच्याच योजनेत, सरकारी दवाखान्यात काम झालं. सर्जननी कागदावर नागमोडी रेघ काढून दाखवली. सरळ कापलं तर व्रण आक्रसून पुन्हा आवळतो, म्हणून असे वाकडेतिकडे काप घेतात. काही जण पूर्ण वळ एकदमच काढतात. पण आमच्या पोरीची सूज त्या सात आठवड्यांत वाढलेली, म्हणून त्यांनी आधी अर्धाच काढला. उरलेला तीन महिन्यांनी, म्हणजे दिवाळीनंतर. तोवर डाव्या पायाला थोरलीचा मोजा घालतो.