दोन त्रयींचे दोन शेवट
सुझन कॉलिन्स यांच्या ‘हंगर गेम्स’ त्रयीतील ‘मॉकिंगजे’ (२०१०) आणि व्हेरॉनिका रॉथ यांच्या ‘डायव्हर्जंट’ त्रयीतील ‘अलीजंट’ (२०१३) या अखेरच्या कादंबऱ्या जिव्हारी लागणाऱ्या मृत्यूने संपत आल्या, तरी मला पहिलीचा शेवट अधिक खरा वाटतो. जिच्याऐवजी नायिका कॅटनिस पहिल्या भागात जीवघेण्या खेळात उतरायला स्वतः पुढे झाली, ती धाकटी बहीण प्रिमच बॉम्बस्फोटात जाते, आणि जुलमी राष्ट्राध्यक्ष स्नोसाठी राखलेला बाण कॅटनिस बंडाची नेता कॉइन हिच्यावर सोडते, तेव्हा केवळ सत्तापालटाने अन्याय संपत नाही हे उमगून मन सुन्न होते. ‘अलीजंट’मध्ये भावाऐवजी मरण पत्करणाऱ्या नायिका ट्रिसचा त्याग तिच्या स्वभावाला धरून आहे, मात्र निवेदन तिच्यात आणि तिचा प्रियकर टोबायस याच्यात विभागलेले असल्याने तिच्याशी जडलेले नाते आधीच सैल झालेले असते.