पिकाल की ख्रिस जॉन: हलक्या वजनाच्या बॉक्सरने आधी कोणाचा अभ्यास करावा?

शिकणाऱ्या मुलाला इंडोनेशियाचा एकच जगज्जेता अभ्यासाला द्यायचा असेल, तर आमचं मत ख्रिस जॉनला. मुलगा डावखुरा असेल आणि हातात जोर असेल, तरच एल्यास पिकाल.

पिकाल मालुकूतल्या सापारुआ बेटाचा, वजनगट सुपर फ्लायवेट (५२.१६ किलोपर्यंत). ३ मे १९८५ रोजी जकार्तात जु-दो चुनला आठव्या फेरीत लोळवून तो देशाचा पहिला जगज्जेता झाला. सगळी भिस्त डाव्या हातावर, पण त्याच्या लढतींत हातांआधी पाय बघा. डावखुऱ्याचा उजवा पाय समोरच्याच्या डाव्या पायाच्या बाहेर पडला, की डाव्या सरळ ठोशाला वाट मोकळी होते. आत राहिला, तर समोरच्याचा उजवा थेट तोंडावर बसतो. नुसता ठोसा उचलणारी पोरं इथेच मार खातात.

नॉकआउट झाला नाही, की पिकालचं गणित अवघड व्हायचं. फेब्रुवारी १९८६ मध्ये सेसार पोलांकोकडून तो गुणांवर हरला. जुलैत त्याच पोलांकोला तिसऱ्या फेरीत आडवं केलं. १९८७ मध्ये खाओसाई गॅलॅक्सीने त्याला चौदाव्या फेरीत संपवलं. हो, चौदाव्या! तेव्हा किताबाच्या अनेक लढती १५ फेऱ्यांच्या असत. ऑक्टोबरमध्ये ताए-इल चांगला हरवून आयबीएफ (आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग महासंघ) किताब परत आणला, तोही पंचांच्या विभागलेल्या निकालाने. १९८९ मध्ये अमेरिकेत हुआन पोलो पेरेझने तो गुणांवरच हिसकावला.

ख्रिस जॉन फेदरवेट (५७.१५ किलोपर्यंत). ५२ लढती, ४८ विजय, ३ बरोबरी, १ पराभव. नॉकआउट मात्र २२च. म्हणजे निम्म्याहून जास्त विजय जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा), अंतर आणि दमावर. घराबाहेरही हे चाललं: २००४ मध्ये टोकियोत ओसामू सातो, २००९ मध्ये लास व्हेगासला रॉकी हुआरेझ. मार्च २००६ची इंडोनेशियातल्याच तेंगारोंगमधली हुआन मानुएल मार्केझविरुद्धची लढत आवाज बंद करून बघा आणि फेरीगणिक गुण स्वतः मांडा. कमरेखालच्या ठोशांबद्दल मार्केझचे दोन गुण कापले गेले होते, ते वेगळे धरा. निकालावर आजही वाद होतो, म्हणूनच सरावाला ती उत्तम.

नक्कल करताना ठरलेली चूक एकच: जॅब न टाकता मागे सरकणं. पंचांना ते पळणं दिसतं आणि फेरी जाते. मागे जाताना आधी मागचा पाय हलवा, जॅब सोबतच सोडा, मग बाजूला निघा. सरळ रेषेत दोनपेक्षा जास्त पावलं नकोत.

क्रम असा ठेवा: सातो, मार्केझ, हुआरेझच्या दोन्ही लढती. शेवटी डिसेंबर २०१३ची पर्थमधली लढत, जिथे सिंपिवे व्हेत्येकाविरुद्ध सहा फेऱ्यांनंतर तो स्टुलावरून उठलाच नाही. वय तेव्हा ३४; अंतरावर जगणाऱ्याचे पाय मंदावले की काय होतं, ते तिथे स्वच्छ दिसतं.