फोटो बाजूला ठेवून, वस्तू समोर ठेवून: काही महिन्यांचा अनुभव

मोबाइलमधल्या फोटोंवरून चित्रं काढणं मी पावसाळ्यात सोडलं आणि घरातली भांडी-फळं समोर मांडून काढायला लागले. हुबेहूब रेखाटन शिकायचं असेल तर सुरुवात अशीच करा, असं आता ठामपणे सांगेन.

फोटोत सगळं कॅमेऱ्याने आधीच सपाट करून दिलेलं असतं. वस्तू समोर असली की माप आपल्यालाच घ्यावं लागतं. त्याला विणायची सुई पुरते. सुई धरलेला हात कोपरात ताठ, एक डोळा मिटलेला, आणि वस्तूची रुंदी तिच्या उंचीत किती वेळा बसते ते पाहायचं. कोपर जरा वाकलं की माप चुकलं. दोऱ्याला नट बांधला की उभी सरळ रेघ दाखवणारा ओळंबा तयार. कपाच्या कानाच्या खाली नेमकं काय येतं ते लगेच कळतं.

सगळ्यात जास्त शिकवलं पितळी तांब्याने. तो नजरेच्या खाली असेल तर तोंडाचा लंबगोल चपटा दिसतो आणि तळाचा त्याहून फुगीर, कारण तळ नजरेपासून आणखी खाली असतो. पण तांब्या टेबलावर सपाट बसलाय हे डोक्याला माहीत असतं, म्हणून हात तळाशी सरळ रेघ ओढू पाहतो. माहीत असलेलं बाजूला सारून दिसतंय तेच काढणं, सगळी मेहनत इथे आहे.

शेडिंगसाठी ट्यूब बंद करून एकाच बाजूने टेबल लॅम्प लावा. डोळे किलकिले केले की बारकावे जातात आणि उजेड-सावलीचे मोठे भाग उरतात. सावलीच्या कडेला टेबलावरून परतलेला उजेड दिसतो. तो उजेडाच्या बाजूपेक्षा कायम गडदच ठेवायचा.

साहित्य थोडंच लागतं: एचबी, २बी, ६बी पेन्सिली (बीचा आकडा वाढतो तशी पेन्सिल मऊ आणि काळी), मळता येणारा रबर आणि पाव इम्पीरियल, म्हणजे १५ × ११ इंचांचा कार्ट्रिज पेपर (रेखाटनाचा जाडसर कागद). ऑनलाइन मागवलेल्या एका स्वस्त वहीचे तंतू पहिल्याच खोडण्यात वर आले, तेव्हा कागदावर काटकसर नको. ६बीचा काळा तिरप्या उजेडात चमकतो. खोल, मॅट (न चमकणारा) काळा हवा तर चारकोल, म्हणजे कोळशाची कांडी, पण ती पुसली जाऊ नये म्हणून त्यावर फिक्सेटिव्हचा फवारा मारावा लागतो.

अडचणीही आहेत. खिडकीचा उजेड सरकत राहतो, आणि उठून परत बसलं की कोन बदलतो, म्हणून खुर्चीच्या पायांभोवती खडूने खुणा करून ठेवते. स्टील आणि काच पहिले काही आठवडे घेऊच नका, त्यात अख्खी खोली उमटते. मातीचं मडकं, कांदा, अंडं यांपासून सुरू करा.