वंशावळीचं सॉफ्टवेअर : नऊ महिने वापरून, एक राज्य बुडवता बुडवता

वारुणगड कुठल्याच नकाशात सापडणार नाही, ते माझ्या डोक्यातलं राज्य आहे. सात पिढ्या, अकरा राजे आणि शेवटी रिकामी गादी. कादंबरी लिहायला घेतली आणि तिसऱ्या पिढीतच कोण कोणाचा चुलता ते मला कळेना. म्हणून गेल्या जूनमध्ये वर्षाची वर्गणी भरून हे सॉफ्टवेअर घेतलं. नाव लिहीत नाही, तक्रारी बऱ्याच आहेत.

आधी चांगलं सांगते. वयाचा हिशेब ते चोख ठेवतं. माझी एक राणी नवव्या वर्षी आई झाली होती, ते त्यानं लाल खुणेनं दाखवलं. चार प्रकरणं लिहून झाली होती तोपर्यंत. टोपणनावाचा रकानाही कामाचा. राजघराण्यात आजोबांचं नाव नातवाला जातंच. आमच्या साताऱ्यातच दोन शाहू महाराज झाले. त्या रकान्यात 'थोरले', 'धाकटे' घातलं की गोंधळ मिटतो.

तारखांचं मात्र विचारू नका. फक्त इसवी सन चालतो. शिवाजी महाराजांनी 1674 मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला, तसा माझ्या पहिल्या राजानंही स्वतःचा शक सुरू केलाय. सॉफ्टवेअर म्हणतं, 'तारीख चुकीची'. आता वहीत शक आणि पडद्यावर सन, असा दुहेरी संसार चालू आहे. छापायला गेलं तर रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो.

पण खरं भांडण दत्तकाचं. सॉफ्टवेअर हाताला बसावं म्हणून आधी आमच्याच घराची वंशावळ भरली. आजोबा दत्तक आले होते. सख्ख्या मुलाला सलग रेघ, दत्तकाला ठिपक्यांची, आणि 'फक्त वंशज' असं निवडलं की आजोबांपासून खाली माझ्यासकट सगळे गायब! आत्या शेजारी बसून शेंगा सोलत होती. म्हणाली, "दत्तक घेतलं म्हणून पोरगं काय ठिपक्याठिपक्यांचं व्हतं व्हय?"

आत्याला माहीत नाही, पण सातारचं राज्य ह्याच ठिपक्यांवर गेलं. 1839 मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला धाडलं आणि भाऊ आप्पासाहेबांना बसवलं. 1848 मध्ये आप्पासाहेब गेले. जाण्याआधी त्यांनी दत्तक घेतला होता. डलहौसीनं तो मानला नाही आणि राज्य खालसा केलं. विधी झाले, मुलगा मांडीवर बसला, आपल्या लेखी तो पुत्रच. समोरच्याच्या कागदात मात्र तो रकाना नव्हता. वारुणगडाचा शेवट मी आधी एका मोठ्या लढाईत ठरवला होता. हे ठिपके बघितल्यावर ती लढाई काढून टाकली.

दुसरी अडचण तोतयांची. शाहू महाराजांच्या अखेरच्या काळात ताराबाईंनी रामराजाला आपला नातू म्हणून पुढे आणलं आणि 1750 मध्ये त्यालाच किल्ल्यावर कैद करून हा आपला नातू नव्हेच म्हणून सांगितलं. आमच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, त्यामुळे हा प्रसंग डोक्यातून जात नाही. माझ्या पाचव्या राजाचं असंच आहे. आजी सकाळी नातू म्हणते, संध्याकाळी नाही म्हणते. इथे नातं एकतर जोडा नाहीतर तोडा. तोडलं की त्याच्याखालच्या दोन पिढ्या पडद्यावर अधांतरी तरंगतात. 'वादातलं नातं' अशी एखादी खूण हवी होती. कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं की सूचना नोंदवली आहे. ऑक्टोबरपासून नोंदवलेलीच आहे.

आणि प्रधान? राज्य उतरणीला लागतं ते पुष्कळदा राजघराण्याच्या झाडावर दिसतच नाही, शेजारच्या घरात दिसतं. 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले, 1720 मध्ये बाजीराव, 1740 मध्ये नानासाहेब. तीन पिढ्या एकाच छत्रपतींच्या हयातीत! शाहू महाराजांमागे गादी साताऱ्यात राहिली, कारभार पुण्याला गेला. सॉफ्टवेअरला हे दाखवता येत नाही, तिथे पदासाठी 'व्यवसाय' नावाची एक ओळ आहे. माझ्या प्रधानांच्या चार पिढ्या तिथे नोकरदार म्हणून बसल्यात. शेवटी मोठा कागद भिंतीला लावला आणि राजांचा लाल दोरा, प्रधानांचा हिरवा, असं टाचण्यांनी केलं. हिरवा दोरा लाल दोऱ्याला कुठे ओलांडतो ते लांबून एका नजरेत कळतं. दोऱ्याची रिळं राजवाड्याजवळ घेतली, दोन्ही मिळून वर्गणीच्या पासंगालाही नाहीत.

एक गंमत. संगम माहुलीला थोरल्या शाहूंच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. म्हणून मीही राजाचा कुत्रा भरून पाहिला. सॉफ्टवेअरनं मुकाट्यानं घेतला, सलग रेघेनं.

पाचपैकी तीन तारे. नात्यागोत्याची साधी यादी करायची असेल तर बिनधास्त घ्या. घरात कोणी दत्तक असेल तर वर्गणी भरण्याआधी फुकटच्या आवृत्तीत तेवढं एक नातं भरून बघा. माझी वर्गणी जूनमध्ये संपतेय, पण वारुणगडाचा शेवटचा राजा अजून अंथरुणाला खिळून आहे आणि दत्तकाचा मुहूर्त निघायचाय, म्हणजे आणखी एक वर्ष भरावं लागणार.