बदकांच्या शिकारीची होडी घरी बांधायचा प्लॅन : पैसे वसूल, पण ते 'तीन वीकेंड' विसरा

ज्यांना पूर्ण वाचायचं नाही त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. प्लॅन घ्या, तयार कापलेलं किट घेऊ नका, आणि जाहिरातीतल्या 'तीन वीकेंडमध्ये पाण्यात' या वाक्यावर काडीचा विश्वास ठेवू नका. पाचपैकी चार स्टार. विकणाऱ्याचं नाव टाकत नाहीये कारण एकट्या माणसाचा छोटासा धंदा आहे आणि मी त्याला खाली थोडं बोलणार आहे.

होडी काय आहे तर साडेबारा फूट लांब, तळ सपाट, प्लायवूडची, वरून जवळजवळ सगळी झाकलेली, मध्ये एक माणूस आडवा पडू शकेल एवढी मोकळी जागा आणि मागे नकली बदकांची पोती ठेवायला सोय. आम्ही ती इथे न्यू जर्सीत शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये बांधली. शिकार तो करतो, मी नाही, मला फक्त कॅमेरा घेऊन पक्ष्यांच्या जवळ जायचं होतं आणि सुतारकामाची खाज लहानपणापासूनची. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अरे, बदकं मारायला होडी करतोयस? पकडतील ना!" तिचंही बरोबर आहे, आपल्याकडे १९७२चा वन्यजीव कायदा आणि त्यातली १९९१ची दुरुस्ती आल्यानंतर असं काही करायची सोयच राहिली नाही. इथे मात्र रीतसर लायसन्स असतं, त्यावर फेडरल डक स्टँप (बदकांच्या शिकारीसाठीचं केंद्र सरकारचं तिकीट) घ्यावा लागतो २५ डॉलरचा, आणि त्यातल्या डॉलरमागे ९८ सेंट पाणथळ जागा विकत घेण्यात आणि राखण्यात जातात. १९३४ पासून चालू आहे हे. म्हणजे माझ्यासारख्या फोटोवाल्यांची मजा बऱ्यापैकी शिकाऱ्यांच्या पैशावर चाललीय, हे आईला समजवायला गेलो नाही.

आता शेजाऱ्याला खरी हवी होती ती बार्नेगॅट बेची, म्हणजे इथल्या किनाऱ्यावरच्या उथळ खाडीची स्नीकबॉक्स, त्याच्या आजोबांकडे होती तशी. ही होडी इथलीच. १८३६च्या सुमारास वेस्ट क्रीक गावच्या हेझल्टन सीमन नावाच्या माणसाने पहिली केली असं मानतात. बारा फूट लांब, चार फूट रुंद, पाण्यातून जेमतेम वर डोकावणारी, नाळ, म्हणजे पुढचं टोक, चमच्यासारखी गोल, त्यामुळे दलदलीच्या गवतावर सरळ चढवता येते, आणि तळाला पट्ट्या मारलेल्या म्हणजे बे गोठली की बर्फावरून ओढत न्यायची. वरून खाऱ्या दलदलीतलं वाळकं गवत पसरलं की होडी गायब. नॅथॅनियल बिशप नावाचा गृहस्थ १८७५-७६च्या हिवाळ्यात अशाच एका स्नीकबॉक्समधून पिट्सबर्गहून ओहायो, मिसिसिपी करत पार मेक्सिकोच्या आखातापर्यंत गेला, एकटा! टकर्टनच्या म्युझियममध्ये या होड्या बघायला मिळतात, आमच्या एडिसनकडून तास-सव्वा तासावर आहे, वीकेंडला नुसतं मॉलमध्ये फिरण्यापेक्षा पोरांना तिकडे न्या.

पण तशी होडी बांधणं म्हणजे पांढऱ्या सीडरच्या पातळ फळ्या, ओकचे वाक (आतल्या फासळ्या), एकेक फळी शेजारच्या फळीला बसेपर्यंत रंधून घ्यायची, आणि तेवढ्या लांबीचा गाठी नसलेला सीडर शोधत फिरायचं. पहिल्या होडीला हे नको. हा प्लॅन स्नीकबॉक्सचा बुटकेपणा घेतो आणि बाकी सगळं प्लायवूडवर आणतो, म्हणून मला आवडला. पद्धत टाके घालून चिकटवायची, म्हणजे प्लायवूडचे तुकडे कापायचे, कडेने बारीक भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने टाके घालून शिवायचे आणि मग आतून सांधे एपॉक्सीने (दोन द्रव कालवून करायच्या कडक होणाऱ्या गोंदाने) भरून त्यावर फायबरग्लासची पट्टी. इंग्लंडमध्ये १९६०च्या दशकापासून मिरर नावाची छोटी शिडाची होडी याच पद्धतीने लोकांनी घरोघरी बांधली, सत्तर हजारांच्या आसपास झाल्या, त्यामुळे पद्धत कच्ची आहे वगैरे बोलणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

प्लॅनमधला सगळ्यात चांगला भाग म्हणजे तुकड्यांची मापं. नाळेजवळचे टाके पिळत गेलो तसं प्लायवूड कुरकुरायला लागलं, दोन्ही बाजूच्या कडा हळूहळू सरकत एकमेकीला येऊन भिडल्या, आणि फट कुठेही दोन मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. मापं काढणाऱ्याला इथे सलाम.

आता तक्रारी. प्लायवूडचा शीट आठ फुटाचा, होडी साडेबारा फुटाची, म्हणजे जोड द्यावाच लागणार, आणि त्या जोडाबद्दल प्लॅनमध्ये एक ओळ आहे फक्त! एक ओळ! तर ते मीच सांगतो. दोन्ही शीटच्या कडा तिरप्या तासून एकमेकींवर चिकटवायच्या, उतार एकास आठ धरायचा, म्हणजे ६ मिलिमीटरच्या प्लायला ४८ मिलिमीटर. शीट एकावर एक ठेवायचे, प्रत्येक कड खालच्यापेक्षा तेवढी मागे, जिन्यासारखी, आणि मग सगळ्यांवरून एकदम रंधा मारत उतार काढायचा. प्लायचे थर फिकट-गडद पट्ट्यांसारखे दिसायला लागतात, त्या पट्ट्या सरळ आणि सारख्या रुंदीच्या आल्या की उतार बरोबर, कुठे लाटेसारख्या वाकल्या तर तिथे खड्डा पडलाय. चिकटवताना आधी पातळ एपॉक्सी लावून लाकडाला पिऊ द्यायचं, मग दाट केलेलं लावायचं, आणि क्लॅम्प जीव काढून आवळायचा नाही, नाहीतर सगळं एपॉक्सी बाहेर येतं आणि जोड कोरडा राहतो.

दुसरी तक्रार एपॉक्सीच्या आकड्याची. प्लॅनमध्ये जेवढं लिहिलंय त्याच्या जवळजवळ दुप्पट लागलं. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे तो आकडा बाहेरून काच (म्हणजे फायबरग्लास) न लावता काढलेला आहे, अरे मग तसं लिही ना बाबा! ऑयस्टरच्या शिंपल्यांवरून ओढायची होडी, तळाला काच न लावता कोण ठेवणार? होडीच्या खर्चात एपॉक्सी प्लायवूडच्या बरोबरीने बसतं, त्यामुळे बजेट इथेच कोसळतं. एक मात्र आहे, मेल टाकला की त्याच दिवशी उत्तर आलं, तेही नीट सविस्तर, म्हणून अर्धा स्टार परत दिला, नाहीतर साडेतीनच होते.

एपॉक्सी आम्ही वेस्ट सिस्टिमचं वापरलं, १०५ रेझिन. याला मात्र पाच स्टार. रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर यांचं प्रमाण पाचास एक, पण त्यांचे पंप असे बनवलेत की रेझिनचा एक दाब आणि हार्डनरचा एक दाब मारला की प्रमाण आपोआप जमतं, ते बघून काहीजण समान मोजून घेतात आणि मग वाळतच नाही म्हणून बोंबलतात. हार्डनर २०५ घेतलात तर साधारण २२ डिग्रीला घट्ट व्हायच्या आत कपात दहाएक मिनिटं मिळतात, २०६ मध्ये वीस-पंचवीस. नवीन माणसाने २०६च घ्यावं. आणि कालवलं की लगेच पसरट ट्रेमध्ये ओतायचं, कपात तसंच ठेवलं तर स्वतःच्याच उष्णतेने तापत जातं, धूर येतो, कप वितळतो. सांध्यात भरायला त्यात लाकडाचा बारीक भुसा घालून श्रीखंडाइतकं घट्ट करायचं, म्हणजे उभ्या कडेवरूनही ओघळत नाही. वाळल्यावर वर मेणचट थर येतो, तो आधी पाण्याने आणि घासणीने धुवायचा आणि मगच सँडपेपर, नाहीतर रंग धरत नाही. ग्लोव्हज घालाच, एपॉक्सीची ॲलर्जी एकदा सुरू झाली की आयुष्यभर पाठ सोडत नाही असं ऐकून होतो, आणि शेजाऱ्याच्या एका मित्राचे लाल झालेले हात बघून खात्रीही पटली.

प्लायवूडमध्ये काटकसर नको. बीएस १०८८ (होडीच्या प्लायचं ब्रिटिश मानक) शिक्का असलेलं ओकूमे लाकडाचं प्लाय घ्या, महाग आहे पण आत पोकळ्या नसतात आणि वजनाला हलकं. साधं बाहेरच्या कामाचं प्लाय निम्म्याहून स्वस्त मिळतं, पण कापल्यावर मधल्या थरात करंगळी जाईल एवढी भोकं निघतात. फक्त ओकूमे कुजायला वेळ लावत नाही, त्यामुळे प्रत्येक भोक, प्रत्येक कड एपॉक्सीने बंद. रंगावर मात्र एक पैसा जास्त घालू नका, शिकारीच्या होडीला चमक चालतच नाही, वाळक्या गवताचा मळकट मॅट रंग मारायचा आणि ब्रशचे फटकारे दिसले तर अजून उत्तम. आपल्यासारख्या नवशिक्यांना याहून सोयीची होडी नाही, सगळे दोष रंगाखाली जातात.

पाण्यात कशी आहे? बार्नेगॅट बे उथळ, बऱ्याच ठिकाणी उभं राहता येईल एवढंच पाणी, तिथे ही मस्त. वल्ह्यांवर हलकी चालते, स्थिर इतकी की उभं राहून फोटो काढता येतात (शेजारी ओरडतो, तरी). आडवं पडून राहिलं की ब्रँट, ते काळ्या मानेचे छोटे गीज, अगदी अंगावरून जातात आणि त्यांच्या पंखांचा आवाज ऐकू येतो. पण वारा सुटून लाटा उठल्या की सपाट तळ थाड थाड आपटतो आणि पाणी तोंडावर, अशा वेळी गोल नाळेची जुनी स्नीकबॉक्स का करायचे ते कळतं. मोठ्या पाण्यात नेऊ नका, आणि हिवाळ्यात लाइफ जॅकेट नुसतं होडीत नाही, अंगात हवं. न्यू जर्सीत बारा फुटांपेक्षा लांब होडीला मोटर नसली तरी रजिस्ट्रेशन लागतं आणि घरी बांधलेल्या होडीला राज्याकडून नंबर घ्यावा लागतो, तो अर्ज आधीच टाकून ठेवा.

किट का नको ते राहिलं. किटमध्ये तुकडे मशीनने कापून येतात, पण कापायचं काम सगळ्या कामाच्या मानाने काहीच नाही, खरा वेळ घासण्यात जातो आणि ते किटवाल्यालाही तुमच्यासाठी करता येत नाही, वर मोठ्या खोक्याचं शिपिंग वेगळं. प्लॅन घेताना मात्र कागदावर छापलेला मागवा. पीडीएफ स्वस्त आहे पण प्रिंटरवर स्केल किंचित इकडेतिकडे होतं, आणि साडेबारा फुटात ते किंचित चांगलंच दिसतं.