असेंबल्ड गेमिंग पीसी आणि १८० हर्ट्झचा मॉनिटर: सांगलीत आठ महिने वापरून झाल्यावर

पाडव्याला, म्हणजे ३० मार्च २०२५ ला घेतलेल्या मशीनला आता आठ महिने होत आले. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर नुसती आरती झाली असती. आता त्याच्यावरून उन्हाळा गेलाय, नदी चढून उतरलीय, दिवाळीच्या सुट्टीत भाच्यांनी त्याला यथेच्छ बडवलंय. त्यामुळे बोलायला हरकत नाही.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघतो. दिवसभर टॅली, रात्री जेवणं उरकली की दीड-दोन तास गेम. वय विचारू नका. आधीचा लॅपटॉप दहा वर्षांचा. त्यावर जीटीए चालायचा, पण वळणावर गाडी टाकली की चित्र थबकायचं आणि परत सुटेपर्यंत गाडी खांबावर. म्हणून या वेळी दुकानात एकच मागणी केली होती: गवताचं पातं न् पातं दिसलं नाही तरी चालेल, अडखळायला नको.

घेतलं ते असं. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, १६ जीबीच्या दोन पट्ट्या मिळून ३२ जीबी डीडीआर५ रॅम, गेमची चित्रं काढणारं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, साठवणीला १ टीबी एनव्हीएमई, वीज पुरवायला ६५० वॅटचा ब्राँझ एसएमपीएस आणि पुढून जाळी असलेलं साधं कॅबिनेट. मॉनिटर २४ इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनेलचा, १८० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १८० चित्रं दाखवू शकणारा. सगळं मिळून एक लाख चार हजार, यूपीएस वेगळा. लॅमिंग्टन रोडवरून आणलं असतं तर चारेक हजार वाचले असते, पण काही बिघडलं की खोकं घेऊन मुंबईची गाडी धरायची तयारी नव्हती.

दुकानदाराच्या पहिल्या कोटेशनमध्ये ग्राफिक्स कार्ड याच्याहून वरचं होतं. मी खूश. मग खाली वाचत गेलो तर रॅमची एकच पट्टी, एसएमपीएससमोर नुसतं '५०० वॅट', कंपनीचा पत्ता नाही, आणि मॉनिटरच्या जागी '२७ इंच' एवढंच. गिऱ्हाईक कार्डाचा नंबर विचारतं, तिथे पैसा दाखवायचा. जे कोणी विचारत नाही तिथे हात आखडायचा. अडतीवर बसणाऱ्याला ही युक्ती नवीन नाही. मी उलट्या बाजूने सुरुवात केली, मॉनिटरपासून.

मला खरं तर २७ इंची १४४०पी, म्हणजे फुल एचडीहून जास्त ठिपक्यांचा, हवा होता. पण हिशेब मांडला. फुल एचडीत कार्डाला प्रत्येक चित्रात साधारण २०.७ लाख ठिपके रंगवायचे असतात, १४४०पी मध्ये ३६.९ लाख. म्हणजे तेच कार्ड, काम पावणेदोन पटीच्या वर. मॉनिटरला सात-आठ हजार जास्त द्यायचे आणि मग तो पेलायला कार्डही मोठं घ्यायचं, तिथे बजेट कोलमडत होतं. मधला मार्ग म्हणून २७ इंची फुल एचडी बघायला मिरजेतल्या मित्राकडे गेलो. त्याच्याकडे तोच आहे. गेम ठीक दिसतो, पण एक्सेलची शीट उघडल्यावर अक्षरं भरड दिसतात. इंचामागे ८२ ठिपके पडतात, २४ इंचीत ९२. ऐकायला फरक किरकोळ, दोन फुटांवरून बघताना नाही. मी घरी कधीमधी यार्डाचंही काम उरकतो, त्यामुळे २४ इंची नक्की केला आणि मोठ्या स्क्रीनची हौस गिळली. आठ महिन्यांत तिचा ढेकर दोन-तीनदा आला, एवढंच.

आता जे सांगायला लाज वाटते ते. मशीन घरी आलं, व्हॅलोरंट हा गेम टाकला, कोपऱ्यात फ्रेमचा, म्हणजे कार्ड सेकंदाला किती चित्रं काढतं त्याचा, आकडा तीनशेच्या आसपास. मी यार्डातल्या पोरांना सांगत सुटलो, लोण्यासारखं चालतंय, १८० हर्ट्झची बातच वेगळी. अकरा दिवस सांगत होतो. बाराव्या दिवशी बहीण माहेरी आली. तिचा नववीतला पोरगा खुर्चीत बसला, माऊस नुसता डावी-उजवीकडे गोल फिरवला आणि म्हणाला, "मामा, हे साठवर चाललंय की!"

मी त्याला उडवून लावला. त्याने काही न बोलता विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडलं. तिथे सरळ ६० हर्ट्झ. कोणी बदललंच नव्हतं. म्हणजे कार्ड सेकंदाला तीनशे चित्रं काढत होतं आणि मॉनिटर त्यातली साठ दाखवत होता. यादी उघडली तर त्यातही १४४ पर्यंतच आकडे, कारण दुकानदाराने एचडीएमआय केबल जोडलेली. माझ्या मॉनिटरला पूर्ण १८० फक्त डिस्प्लेपोर्टमधूनच मिळतात, आणि ती केबल खोक्यात पिशवीत तशीच बांधलेली. केबल बदलली, १८० निवडलं, भाच्याने परत माऊस गोल फिरवला. ६० वर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र येतं, १८० वर ५.६ ने. आकडे मला नंतर कळले. त्या क्षणी डोळ्यांना दिसलं ते असं की भिंतीवरची अक्षरं कॅमेरा फिरत असतानाही वाचता येत होती. आधी तिथे नुसता फराटा असायचा. भाच्याला भडंगाचा अख्खा पुडा द्यावा लागला. नवीन मॉनिटर घेतलेल्या कोणालाही मी आता अभिनंदनाआधी तेच सेटिंग बघायला लावतो.

त्यानंतर मात्र खोड लागली. फ्रेमचा आकडा मोठा असूनही फोर्झा या गाड्यांच्या गेममध्ये मधूनच बारीकसा झटका जाणवायचा. सांगली-मिरज रस्त्यासारखं समजा: सरासरी वेग काढला तर चांगला भरतो, पण कंबर लक्षात ठेवते तो एक खड्डा. गेमचंही तसंच. सरासरी १२० असेल आणि मध्येच एखादं चित्र ४० मिलिसेकंद रखडलं तर डोळा नेमका तेच पकडतो. म्हणून रिव्ह्यूत सरासरीशेजारी '१% लो' असा सर्वांत रखडलेल्या चित्रांचा आकडा देतात, तो आधी वाचावा.

माझ्याकडे खड्डा रॅममध्ये निघाला. पट्ट्या ६००० वेगाच्या, चालत होत्या ४८०० वर, कारण बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, रॅम पूर्ण वेगाने चालवणारं एक्स्पो सुरूच केलेलं नव्हतं. आणि दोन्ही पट्ट्या शेजारच्या खाचांत खोचलेल्या. बहुतेक बोर्डांवर, प्रोसेसरकडून मोजलं तर, दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घालायच्या असतात, तेव्हा दोन्ही मिळून जोडीने काम करतात. पट्ट्या हलवल्या, एक्स्पो चालू केलं, सेव्ह करून बाहेर आलो आणि स्क्रीन काळी. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. पंखे फिरतायत, चित्र नाही. एक लाख चार हजार डोळ्यांपुढून गेले. बायको दारात उभी राहून बघत होती, काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. मग आपसूक चित्र आलं. या प्रोसेसरला लागणाऱ्या एएम५ बोर्डांना रॅमचा वेग बदलला की पहिल्यांदा ती जुळवून घ्यायला वेळ लागतो. घाबरून मध्येच बटण दाबू नये. झटके त्या दिवसापासून बरेच कमी झाले.

दुसरी सुधारणा फुकटची. मॉनिटरच्या मेनूत फ्रीसिंक चालू, कार्डाच्या, म्हणजे एनव्हिडियाच्या, कंट्रोल पॅनेलमध्ये जी-सिंक कंपॅटिबल चालू आणि फ्रेमला १७४ ची वेसण. मॉनिटरच्या कमाल आकड्याच्या जरा आतच राहिलं की तो कार्डाच्या चालीने चालतो आणि चित्र मधोमध फाटत नाही. तीनशे फ्रेम सोडून १७४ वर यायचं म्हणजे नुकसान, असं मलाही वाटायचं. उलट कार्ड थंड राहिलं, पंख्याचा आवाज उतरला.

गेमनिहाय थोडक्यात. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ ला हे मशीन पुरून उरतं. फोर्झा होरायझन ५ हाय सेटिंगवर शंभरच्या पुढे. सायबरपंकमध्ये रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा उजेड-सावली) बंद ठेवून, डीएलएसएस (कमी ठिपक्यांचं चित्र काढून मोठं करणारी सोय) क्वालिटीवर नव्वदीच्या आसपास. रे ट्रेसिंग लावलं की हौस फिटते आणि गेम जड होतो. एल्डन रिंगसाठी १८० हर्ट्झ घेत असाल तर थांबा, तो गेम पीसीवर ६० लाच बांधलेला आहे. अनरिअल इंजिनवरचे काही नवे गेम पहिल्या अर्ध्या तासात झटके देतात, कारण शेडर, म्हणजे रंग-उजेड काढणारे छोटे प्रोग्रॅम, तयार होत असतात. त्यात मशीनचा दोष नाही.

४०६० ची खरी मर्यादा ८ जीबी मेमरी. टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागाचा बारकावा, अल्ट्रावर ठेवलं की दहा-पंधरा मिनिटं सगळं झकास आणि मग अचानक चिखलात चाक रुतल्यासारखं. हायवर आणलं की थांबतं, आणि २४ इंचांत फरक शोधावा लागतो. मी घेतल्यावर दोन महिन्यांत त्याच्या पुढचं ५०६० कार्ड आलं, तेही ८ जीबीच निघालं, म्हणून जीव फारसा जळला नाही. रॅमचं मात्र नशीब. परवा सहज चौकशी केली तर त्याच पट्ट्यांचा भाव माझ्या बिलाच्या दुपटीहून वर.

आपल्याकडच्या हवेचं आणि विजेचं रिव्ह्यूवाले कधी सांगत नाहीत. एप्रिलमध्ये दुपारी खोलीच ३६ अंशांवर असायची. प्रोसेसरसोबत आलेला छोटा कूलर तेव्हा मिक्सरसारखा ओरडायचा, तापमान ८८-९०. हा प्रोसेसर ९५ पर्यंत सहन करतो, पण कानांचं काय? दोन हजारांचा टॉवर कूलर लावला, आता सत्तरीच्या आसपास. जाळीवरची धूळ महिन्याला ब्रशने काढतो. ब्लोअर मारायचा तर पंखा बोटाने धरून मारा, नाहीतर तो उलटा भिरभिरतो आणि बेअरिंगची वाट लागते.

जुना ६०० व्हीएचा यूपीएस होता, म्हटलं चालेल. पहिल्यांदा लाइट गेली तेव्हा त्याने एकदा टुंई केलं आणि मशीनसकट झोपला. ६०० व्हीए म्हणजे वॅटमध्ये जेमतेम ३६०, त्यात बॅटरी म्हातारी. खेळताना मशीन नि मॉनिटर मिळून अडीचशे-पावणेतीनशे ओढतात. आता ११०० व्हीएचा आहे, सात-आठ मिनिटं मिळतात. राउटरही त्याच्यावरच घातलाय, कारण मशीन चालू आणि नेट गेलेलं, असल्या मॅचला अर्थ नाही. शिवाय कॅबिनेटच्या स्क्रूला हात लागला की झिणझिण्या यायच्या. वायरमनने सॉकेट उघडून सांगितलं, "भाऊ, अर्थिंगची तार नुसती गुंडाळून ठेवलीय." जुन्या घरात राहत असाल तर एवढं आधी तपासून घ्या.

आमचं घर खणभागात, तळमजला. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं तेव्हा आमच्या माळ्याखालचं काहीच वाचलं नव्हतं. या ऑगस्टमध्ये पातळीने ४० चा इशारा ओलांडल्याचं कळलं तशी आईने धान्याचे डबे आणि मी कॅबिनेट उचललं. काचेचं कॅबिनेट नको म्हटलं होतं ते या जिन्यापायी. वरच्या खोलीत भावाने सगळं जोडून दिलं, चित्रही आलं, पण फोर्झा बैलगाडी. कार्ड गेलं म्हणून मी डोक्याला हात लावला. पाणी ओसरलं, खाली आणलं, मागे वाकून पाहिलं तर केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टात. या प्रोसेसरला स्वतःचं बारकंसं ग्राफिक्स असतं, म्हणून चित्र येतं आणि माणूस फसतो.

मॉनिटरच्या तक्रारी आहेत. खोक्यावर '१ एमएस', म्हणजे एक मिलिसेकंद, लिहिलंय ते एका खास मोडमध्ये. तो लावला की उजेड निम्मा होतो आणि फ्रीसिंक बंद पडतं, मी एकदा लावून सोडून दिला. ठिपक्यांना रंग झटकन बदलायला लावणारं ओव्हरड्राइव्ह सर्वांत वरच्या पायरीवर ठेवलं की हलत्या वस्तूंमागे पांढुरकी सावली येते, मधली पायरी बरी. रात्री दिवा मालवून अंधारातला गेम खेळलं की कोपरे राखाडी दिसतात, आयपीएसला ते असायचंच; मी मागे एक झिरोचा बल्ब लावतो. खाली डाव्या कोपऱ्यात एक ठिपका कायम हिरवा आहे. एका ठिपक्यावर बदलून मिळत नाही, असं उत्तर आलं. बायको म्हणते तीट आहे, राहू दे.

आणि स्टँड. तो मागे-पुढे कलतो, वर होत नाही. दोन महिन्यांत मान धरली. मॉनिटर वर-खाली करता येणारा व्हेसा आर्म घ्यायचा म्हणून चार वेळा ठरवलं, तोवर यार्डातल्या २०१४-१५ च्या दोन रद्दीत निघालेल्या खतावण्या खाली घातल्यात. उंची बरोबर बसली. आर्म अजून घेतलेला नाही.